खारपाणातले टेट्रा

(आकाशवाणीवरून सादर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या तेल्हाऱ्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. पाहुणा दोन घोट घेतो आणि विचारतो, "नळाचं आहे का बोअरचं?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. आमच्याकडे तो कुणालाच खटकत नाही. पाण्याची चव विचारूनच घ्यावी लागते, असा आमचा मुलुख आहे.

मला आज बोलायचं आहे घरातल्या फिश टँकबद्दल, आणि त्यातही टेट्रा नावाच्या लहानशा माशांबद्दल. पण सुरुवात पाण्यापासून केली, कारण हा प्रश्न मी माशांच्या वतीने विचारला नव्हता आणि त्याची किंमत माशांनी मोजली.

झालं असं, की मुलीच्या हट्टापायी मी 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच अशी काचेची टाकी आणली. त्यात जवळपास 50 लिटर पाणी बसतं. रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा पंप असा सगळा थाट केला. घरच्या बोअरचं पाणी भरलं. दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून 10 निऑन टेट्रा आणले. प्राणवायू भरलेली पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.तून आलो. टाकीत सोडल्यावर घरातले सगळे समोर बसले. अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल पट्टा, आणि लांबी जेमतेम दीड इंच. चौथ्या दिवशी सकाळी एकही जिवंत नव्हता. मुलगी शाळेत गेली नाही.

मासे कुठून आणले, कसे आणले यात खोट नव्हती. मी दोन चुका केल्या होत्या. एक चूक कुठल्याही गावचा नवशिका करतो. दुसरी खास आमच्या भागातली होती.

पहिली चूक नव्या टाकीची. मासा खातो, मलमूत्र टाकतो, त्याच्या कल्ल्यांतूनही अमोनिया बाहेर पडतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत तो माशाच्या भोवतीच राहतो आणि विष ठरतो. निसर्गात काही सूक्ष्म जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरंच सौम्य. हे जिवाणू विकत आणलेल्या काचेला चिकटून येत नाहीत. ते खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू वाढतात. त्याला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर टाकी दिसायला स्वच्छ असते, पण आतून तयार नसते. दही लागायला विरजण लागतं आणि वेळही लागतो, तसंच हे. एखाद्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणून ठेवला तर काम लवकर होतं. मी टाकीला एका दिवसाचीही उसंत दिली नव्हती.

दुसरी चूक पाण्याची. ती समजायला टेट्रा मुळात कुठले, हे बघायला हवं.

टेट्रा हे एका माशाचं नाव नव्हे, ते मोठं कुळ आहे. यातले बहुतेक दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या नद्यांचे. टेट्रागोनॉप्टेरस या जुन्या शास्त्रीय नावाचा हा लहान केलेला अवतार. पाठीवरच्या पराच्या मागे, शेपटीजवळ, आणखी एक छोटासा मांसल पर दिसला तर तो बहुधा टेट्रा असतो. यातल्या निऑनला शास्त्रीय नाव मिळालं 1936 साली. तो पेरू देशात, ॲमेझॉनच्या खोऱ्यात सापडला आणि मत्स्यपालनावरच्या नियतकालिकाचे अमेरिकन संपादक विल्यम इन्स यांचं नाव त्याला देण्यात आलं. त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा 1956 साली जगापुढे आला. त्याचा लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असतो, निऑनचा फक्त मागच्या अर्ध्या भागात. निऑन आता बहुतेक सगळे मत्स्यशेतीतच वाढवलेले येतात. आपल्या देशात कोलकात्याच्या आसपास आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात शोभेच्या माशांचा मोठा धंदा आहे.

कार्डिनलची मायभूमी म्हणजे ब्राझीलमधली रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी. जंगलातला पालापाचोळा कुजून तिचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं. पण त्या पाण्यात विरघळलेले क्षार इतके कमी, की ते जवळपास पावसाच्या पाण्यासारखंच. निऑन आणि कार्डिनल यांचं शरीर अशा पाण्यासाठी घडलेलं आहे.

आता आमचं पाणी बघा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. सुमारे 900 गावं त्यात येतात. काळीभोर, खोल, चिकट माती. पाणी तिच्यातून सहज निचरत नाही. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आमच्या तालुक्यात उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरी गोड आहेत, तिथे संत्री आणि केळी होतात. पूर्णेकडे उतरावं तसं पाणी खारं होत जातं.

पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायला एक पेनाएवढं मीटर मिळतं, त्याला टीडीएस मीटर म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावं, असं ते मानक म्हणतं. मासे मेल्यानंतर मी मीटर आणलं. माझ्या बोअरने 2000 चा आकडा ओलांडला. नळाला सातपुड्यातून, वारी भैरवगडजवळच्या वान धरणाचं पाणी येतं, ते 250 च्या आसपास निघालं. पुढे पावसाचं मोजलं, ते 20.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सारखं त्याच्या अंगात शिरत राहतं. मूत्रपिंड ते रात्रंदिवस बाहेर काढतं आणि कल्ले पाण्यातले थोडेसे क्षार वेचून ठेवतात. निऑनची ही यंत्रणा जवळपास बिनक्षाराच्या पाण्याला जुळलेली आहे. तिला मी एका सकाळी खारपाणात लोटलं. खारपाणपट्ट्यातल्या माणसांच्या मूत्रपिंडांच्या तक्रारी आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. दीड इंचाच्या माशाला त्यासाठी वर्षं लागत नाहीत.

यावर पहिला उपाय सोपा आहे. ज्याच्याकडे फक्त बोअरचंच पाणी आहे त्याने टेट्राच्या नादी लागू नये. त्याने गप्पी आणि मोली पाळावेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं डबक्यात आणि टाक्यांत सोडतं, तेच हे गप्पी. त्यांना जड पाणी मानवतं, थोडं खारंही चालतं. रंगीत जातीचे गप्पी दिसायला काही कमी नाहीत. माशाला आपल्या पाण्यात जबरदस्तीने बसवण्यापेक्षा आपल्या पाण्याचा मासा निवडावा.

पण मुलीला निऑनच हवे होते, आणि खरं सांगायचं तर मलाही. मग नळाचं पाणी वापरायचं ठरवलं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, तो माशांना आणि त्या उपयोगी जिवाणूंनाही मारक. म्हणून पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवायचं. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे एक-दोन खडे टाकायचे. फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला पूर्वी हाच हायपो वापरत. टाकी दीड महिना रिकामी चालवली. मग आधी 6 विडो टेट्रा आणले. हा काळपट, चपटा मासा निऑनपेक्षा चिवट असतो. महिन्याभराने 10 निऑन.

यावेळी पिशवी थेट ओतली नाही. ती 20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग तासभर टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घालत गेलो. दुकानातलं पाणी आणि आपलं पाणी यांच्यातला फरक माशाला सावकाश पचू द्यावा लागतो.

टेट्रा एकटा-दुकटा कधीच आणू नये. 6 हा किमान आकडा, 10 असले तर उत्तम. हा थव्याने राहणारा मासा आहे. थव्यात शत्रूला नेमका एक मासा हेरता येत नाही, म्हणून थवा हेच त्याचं संरक्षण. एकटा टेट्रा कोपऱ्यात लपतो, खात नाही, त्याचा रंग उतरतो. रंगाची आणखी एक गंमत सांगतो. रात्री दिवा लावून पाहिलं तर निऑनची निळी रेघ फिकी पडलेली असते. नवखा माणूस घाबरतो. ती निळाई म्हणजे रंगद्रव्य नव्हेच. कातडीतल्या अतिशय पातळ स्फटिकांच्या थरांवरून प्रकाश परततो, त्यातून ती दिसते. अंधारात हे थर आपली ठेवण बदलतात. सकाळी उजेड आला की थोड्या वेळात रेघ पुन्हा पेटते.

वेगवेगळे मासे एकत्र ठेवलेल्या टाकीला कम्युनिटी टँक म्हणतात. आपल्या एकत्र कुटुंबासारखंच तिचं असतं, जागा कमी आणि स्वभाव अनेक. एंजल मासा लहान असताना गोंडस दिसतो, मोठा झाला की निऑन गिळतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि तो घाणही फार करतो. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा दुसऱ्यांचे पर कुरतडतात. विडोही संख्या कमी असली की ही खोडी करतो. त्यांचा थवा पुरा असला की आपसातल्या पाठलागात ते रमतात, दुसऱ्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. म्हणून लांब शेपटीचे गप्पी त्यांच्यासोबत ठेवू नयेत. तळाशी कोरिडोरास चालतो, तो शांत मासा आहे. गुलाबी, हिरवे, जांभळे विडो दिसले तर दुकानदाराला आधी विचारावं. काहींच्या अंगात रंग टोचलेला असतो, तो काही दिवसांनी उडतो. काहींचे जनुक बदललेले असतात.

खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशांची भूक आपल्या मायेने मोजली की पाणी नासतं. दर आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढून तेवढं नवं घालायचं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या पाण्यातच पिळायचा, म्हणजे जिवाणू टिकतात. वाळलेलं देशी बदामाचं पान टाकलं तर पाण्याला हलका तांबूस रंग येतो, तो टेट्रांना मानवतो. आमच्याकडे शाळांच्या आवारात ही झाडं असतात, पानं फुकट मिळतात.

हे सगळं जमलं आणि वर्ष नीट गेलं. मग असा एक उन्हाळा आला, की नळ आठ-आठ दिवसांनी येऊ लागला. एका सकाळी मी बादली घेऊन टाकीकडे निघालो, तर माय दारात उभी.

"माणसाले गोडं पाणी भेटत नाही, अन् तू मासोयाईले पाजून राह्यला?"

"आठ दिवसातून एक बादली वं माय," मी म्हणालो.

"एका बादलीत दोन दिवसाचा सयपाक होते."

मी मनात हिशेब तयार ठेवला होता. 50 लिटरचा पाव हिस्सा म्हणजे 12 लिटर, एक बादली. आठवड्याला एका बादलीवरून कुणी बोलावं, असं मला वाटत होतं. पण मे महिना होता. पारा 45 च्या पुढे. निऑनला 22 ते 26 अंशांचं पाणी बरं वाटतं आणि टाकीतलं पाणी 33 वर गेलं होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात वीज गेली की पंप बंद. अशा वेळी मी तांब्याने पाणी वरून ओतत बसायचो. थंडावा यावा म्हणून झाकण काढून टाकीच्या पाण्यावर पंखा लावला होता. माठ जसा पाझरून गार राहतो, तसं पाणी वाफ होऊन दोन-तीन अंश उतरत होतं. पण त्यापायी रोज दोन लिटर पाणी उडत होतं आणि मी ते भरून काढत होतो. म्हणजे आठवड्याला 14 लिटर आणखी. माझी एक बादली प्रत्यक्षात दोन बादल्यांहून जास्त होती. माय लिहिणं-वाचणं शिकलेली नाही, पण पाण्याचा हिशेब तिचा बरोबर होता आणि माझा चुकला होता.

त्याच दिवशी मीटर बुडवून पाहिलं. 250 चं पाणी 480 वर पोचलं होतं. कारण उघड होतं. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. दर दोन लिटर भरताना मी त्यात नवे क्षार घालत होतो. महिन्याभरात 50 लिटर उडालं आणि 50 लिटर भरलं, की टाकीतले क्षार दुप्पट. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो असाच. आणि पूर्णेच्या खोऱ्यात हजारो वर्षं हेच चाललं आहे. पाणी येतं, निचरत नाही, उडून जातं, क्षार राहतात. खारपाणपट्टा कसा तयार झाला हे मी शाळेत शिकलो होतो, पण ते समजलं बैठकीतल्या टाकीपाशी.

मी निऑन देऊन टाकायचं ठरवलं. सातपुड्याच्या पायथ्याशी एका मित्राची विहीर आहे, पाणी गोड, घर दगडी आणि थंड. त्याच्याकडे टाकीही होती. मुलगी काही बोलली नाही. डबा हातात धरून तीच सोबत आली. घरी 6 विडो राहिले. त्यांना खाणं निम्मं केलं, पंखा काढला, टाकी उन्हाच्या भिंतीपासून हलवून माजघरात नेली, वर झाकण ठेवलं. खाणं कमी म्हणजे घाण कमी, घाण कमी म्हणजे पाणी कमी. अर्ध्या बादलीत आठवडा निघू लागला. आधी मी आंघोळीच्या मोरीत ओतायचो ते टाकीतलं जुनं पाणी माय तुळशीला आणि कढीपत्त्याला घालू लागली. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खतच.

जून लागला. पहिल्या पावसाला माय ओसरीत बसली होती. टिनावरून पाणी धो-धो पडत होतं. ती म्हणाली, "हे काय गोडं पाणी नोहे? आमी लहानपणी पन्हायाखाली गुंड लावत होतो. तू नयाच्याच मांगं कायले लागतं?"

मला हे सुचलं नव्हतं. 10 फूट लांब, 10 फूट रुंद टिनावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं. 200 लिटरचे दोन ड्रम एका चांगल्या पावसात भरतात. पहिले एक-दोन पाऊस सोडून द्यायचे, टिनावरची धूळ आणि पाखरांची घाण वाहून जाते. मग फडक्यातून गाळून भरायचं आणि डास होऊ नयेत म्हणून घट्ट झाकायचं. उन्हाळ्यात आठवड्याला 26 लिटर धरले तरी 400 लिटर 15 आठवडे पुरतात, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनच्या पावसापर्यंत. नुसतं पावसाचं पाणी मात्र वापरू नये. त्यात क्षार नसल्यासारखेच असतात आणि आम्लता एकदम बदलते. तीन भाग पावसाचं आणि एक भाग नळाचं असं मिश्रण मला लागू पडलं. उडालेलं पाणी भरायला मात्र निव्वळ पावसाचं घ्यावं, म्हणजे क्षार साचत नाहीत.

पुढच्या वर्षी मित्राकडून 7 निऑन परत आले. तीन त्याच्याकडे वयाने गेले होते. पुढच्या मे महिन्यात त्यांच्यासाठी नळाचा थेंब जास्त घेतला नाही.

एक विनंती करून थांबतो. ज्यांना टाकी सांभाळणं जमत नाही ते दया म्हणून मासे नदीत किंवा विहिरीत सोडतात. तसं करू नका. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा असाच बाहेर पडला आणि आज उजनीच्या धरणातही कोळ्यांच्या जाळ्यात येतो. मासे कुणाला तरी द्या, दुकानात परत द्या, पण वानेत सोडू नका.

आणि टाकी घ्यायची असेल, तर मासे पाहण्याआधी आपलं पाणी मोजा. ते वर्षभर पुरेल का, मे महिन्यात घरातल्या माणसांच्या वाट्याचं तर घ्यावं लागणार नाही ना, हे घरात जी पाणी भरते तिला विचारा. आमच्या घरी आता टाकीत पाणी घालायचं ते मायला विचारून.